सावंतवाडीची दशावतारी गंजिफा: १२० पानं, तीन भिडू आणि आमचं खोटं खोटं ठरलेलं लग्न

मी आजवर कुठल्या वस्तूबद्दल एवढं लांबलचक लिहिलेलं नाही, पण गंजिफाबद्दल, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांबद्दल, लिहायचंच असं मनात होतं आणि या सेटचं सांगायचं तर त्याच्यासोबत बाकीचंही सांगावं लागणार, कारण आमच्या घरात ही दोन वेगळी राहिलेलीच नाहीत. ज्यांना फक्त घ्यावा की नाही एवढंच हवंय त्यांना आधीच सांगते, घ्या. सावंतवाडीच्या राजवाड्यातूनच घ्या, स्वतः जाऊन घ्या, आणि घेतल्यावर फ्रेम करून भिंतीवर लटकवू नका, खेळा.

माझं माहेर सावंतवाडीचं, नोकरीमुळे डोंबिवलीत राहते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला गेले होते तेव्हाची गोष्ट. वय बत्तीस, लग्न नाही, म्हणजे घरात पाऊल टाकल्यापासून स्थळं सुरू. कोण कुडाळचा, कोण मापशाचा, कोण दुबईत असतो पण गणपतीला येतो. आई बोलायची नाही पण माझ्यासमोर काजूगर सोलत बसायची आणि मध्येच सुस्कारा टाकायची, ते बोलण्यापेक्षा जड जायचं. ज्याच्याशी ते खोटं खोटं ठरलं तो माझ्या दहावीच्या वर्गातला. बाजारात त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. शाळेत आम्ही फार बोलायचो असं नाही पण भूगोलाच्या जर्नलातला माझा महाराष्ट्राचा नकाशा त्यानेच काढून दिला होता, किनारपट्टीची एकेक खाडी धरून, आणि त्या नकाशाला मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते ते मी विसरले नव्हते. बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी विचारलं होतं की तुतारी एक्सप्रेसने उतरतेय, सावंतवाडी रोडला रिक्षा मिळेल का, तर हा बाइक घेऊन हजर. स्टेशनवरून गावात येईपर्यंत कळलं की त्याच्याही घरी तेच चाललंय. त्याच्या आईने तर शेजारणीच्या भाचीची पत्रिका दुकानात आणून झेरॉक्स मशीनवर ठेवली होती.

आयडिया त्याची. म्हणाला पंधरा दिवस आपलं ठरतंय असं वाटू देऊया, मग तू जाशील डोंबिवलीला, मग हळूहळू सांगू जमलं नाही म्हणून, निदान या मे महिन्यात तरी दोघांना शांतता. मी हो म्हटलं. सावंतवाडीत यासाठी काही करावंही लागत नाही हो, संध्याकाळी मोती तलावाला एक फेरी मारली दोघांनी की झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी मार्केटात आईला बातमी मिळते. आम्ही एक फेरी मारली. आईला बातमी मिळाली. सुस्कारे बंद झाले.

आता राजवाडा तलावाच्या समोरच आहे. दुसऱ्या दिवशी बहिणीसाठी प्रेझेंट घ्यायचं निमित्त करून आम्ही आत गेलो, म्हणजे लोकांना दिसावं म्हणूनच गेलो. मी या गावात वाढले पण शाळेच्या सहलीनंतर राजवाड्याच्या आत गेले नव्हते ही लाजेची गोष्ट आहे. तिकीट काढून आत गेलं की दरबार हॉल लागतो आणि तिथेच सावंतवाडी लॅकरवेअर्स या गंजिफा रंगवणाऱ्या संस्थेचं काम चालतं. कलाकार जमिनीवर बैठक मारून, समोर छोटं डेस्क, खिडकीतून उजेड, आणि हातात एक गोल पान. आम्ही गेलो तेव्हा एक काका कूर्माचं पान रंगवत होते. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं कासव, त्याच्या पाठीवर एकेक खवला, आणि प्रत्येक खवल्यात पुन्हा एक बारीक रेष. ब्रशला रंग किती घ्यायचा हे ते आधी स्वतःच्या बोटावर टेकवून बघायचे, मग पान फिरवायचे, हात नाही, पानच फिरवायचे. हा माझ्या शेजारी उकिडवा बसला होता आणि वीस मिनिटं एक शब्द बोलला नाही. मी कासवाकडे बघत होते आणि मग थोडा वेळ त्याच्याकडे बघत होते, कारण नकाशा काढताना तो अगदी असाच बसायचा, जीभ दातात धरून, ते मला तिथे आठवलं.

ज्यांना गंजिफा म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे गोल पत्ते. शब्द फारसीवरून आलाय, गंज म्हणजे खजिना. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, म्हणजे खेळ तेवढा जुना. मुघली गंजिफात ८ रंग आणि ९६ पानं असतात. आपल्याकडे तो आला तो दशावतारी होऊन, १० अवतार, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२०. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पानं. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, कल्कीला तलवार अशी चिन्हं, आणि प्रत्येक अवताराच्या पानांचा जमिनीचा रंग वेगळा. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पानं करायचे, वरून लाखेचा हात. आता कागदाचीही करतात. आणि हो, दशावतार म्हटलं की आमच्याकडे लोकांना आधी जत्रेतलं नाटक आठवतं, संकासूर वगैरे, त्याचा याच्याशी संबंध नाही, अवतार तेवढे तेच.

ही कला सावंतवाडीत जवळपास संपली होती. एक वेळ अशी आली होती की गंजिफा करणारे पुंडलिक चितारी हे एकटे वयस्कर कलाकार उरले होते, आणि तेव्हा सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी या दोघांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, गावातल्या मुलांना शिकवायला लावली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. राणीसाहेब २०१८ मध्ये गेल्या. आज ज्या हातांमधून हे पान आपल्याला मिळतं ते हात त्या एका म्हाताऱ्या माणसापर्यंत जाऊन पोचतात हे मला तिथे बसल्यावर पहिल्यांदा नीट कळलं, आणि मग किमतीबद्दल माझ्या मनात जी कुरकुर होती ती राहिली नाही.

किमतीचं सांगायचं तर साइज आणि कामावर आहे, हाताने रंगवलेला पूर्ण सेट काही हजारांत जातो, जायलाच हवा, १२० पानं एकेक करून रंगवायची म्हणजे गंमत नाही. आम्ही मधल्या साइजचा घेतला, रंगवलेल्या लाकडी पेटीसकट. पैसे अर्धे अर्धे भरले. हे अर्धे अर्धे नंतर महत्त्वाचं होणार होतं.

याआधी मी एकदा एका ऑनलाइन साइटवरून हँडमेड म्हणून लिहिलेला सेट मागवला होता, ऑफिसातल्या मैत्रिणीला द्यायला. कंपनीचं नाव घेत नाही. आला तो सरळ छापलेला होता, कडा कापताना दोन पानांची चिन्हं अर्धी कापली गेलेली, आणि हातात धरला की प्लास्टिकच्या टिकल्या धरल्यासारखं वाटायचं. राजवाड्यातलं पान हातात घ्या, फरक सांगावा लागत नाही. त्याला वजन आहे. दोन पानं एकमेकांवर टेकली की टक असा बारीक आवाज येतो, आणि ब्रशचा उठाव बोटाला लागतो. आमच्या सेटमधल्या मत्स्याच्या पानांवरच्या माशांमधला एकही दुसऱ्यासारखा नाही, एकाची शेपटी जरा वर आहे, तो माझा लाडका.

तर सेट लग्नात द्यायचा होता. त्याआधी संध्याकाळी त्याच्या घरी नेला, कारण त्याच्या आईने मला चहाला बोलावलं होतं, म्हणजे बघायलाच बोलावलं होतं. आई मायाळू आहेत, घावणे आणि नारळाचा रस केला होता, "बस गो चेडवा हयसर" म्हणून स्वतःच्या शेजारी बसवलं, आणि मला इतकं अपराधी वाटलं की घावणा गिळेना. तेवढ्यात आतून त्याची आजी आली. तेव्हा अठ्ठ्याऐंशीची. तिची नजर पेटीवर. "गंजिफो काय तो? उघड बघूया." मी म्हटलं आजी ते लग्नात द्यायचं आहे. तोवर तिने उघडलीसुद्धा.

तिचे वडील संस्थानात कारकून होते आणि त्यांच्या पडवीवर रविवारी हा खेळ चालायचा. ती लहान, परकरी, पानं गोळा करून द्यायला बसायची. नंतर सत्तरेक वर्षांत पानाला हात लागला नव्हता. तिने एक मऊ लुगडं आणायला लावलं, जमिनीवर अंथरलं, पानं उपडी घातली आणि दोन्ही तळव्यांनी भाकरीचं पीठ फिरवावं तशी गोल फिरवायला लागली. गोल पत्ते आपल्या पत्त्यांसारखे पिसता येत नाहीत, असेच पिसायचे असतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मग म्हणाली, "तिसरो कोण? तीन होये."

हेच मुद्द्याचं. गंजिफा तिघांचा खेळ आहे. १२० पानं, प्रत्येकाला ४०. दोघांत खेळून मजा नाही आणि कोणी कोणाचा पार्टनर नाही, तिघेही आपापले. हुकूम नाही. पाच अवतारांत दहाचं पान मोठं आणि एक्का सगळ्यात लहान, उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा आणि दहाचं लहान, राजा आणि प्रधान मात्र सगळीकडे वरच. आणि सगळी मेख लक्षात ठेवण्यात, कुठलं पान गेलं आणि कुठलं अजून कोणाच्या हातात आहे. सुरुवातीला ४० गोल पानं एका हातात धरताच येत नाहीत, घसरतात, मी तर दोनदा मांडीवर सांडली. पहिले तीन-चार डाव कळत नाही आपण काय करतोय. वैतागू नका, पाचव्या डावापासून सोडवत नाही.

आणि सगळ्यात सुंदर नियम असा की दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो उतारी करतो, म्हणजे पहिलं पान टाकतो, आणि रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा तो. त्या दिवशी रामाचा राजा माझ्याकडे आला होता, मी उतारी करायला पान उचललं. आजीने बाहेर बघितलं, तुळशीजवळ त्याच्या आईने नुकताच दिवा ठेवला होता. "आता खयचो राम? दिवो लागलो मा. कृष्णाचो राजा कोणाकडे असा?" तो म्हणाला माझ्याकडे, आणि माझ्याकडे न बघता पान टाकलं. का कोण जाणे पण मी तेवढ्यात लाल झाले असणार, कारण आजी माझ्याकडे बघून गप्प बसली.

तो सेट लग्नात दिला गेला नाही हे आता तुम्ही ओळखलं असेलच. आजी सोडेना. बहिणीला आम्ही चितारआळीतून लाकडी फळांची परडी आणि लाखेचं काम केलेला पाट घेऊन दिला, तोही छान निघाला, लाकडी आंबा इतका हुबेहूब की मांडवात एका पोराने चावून बघितला. ज्यांचं बजेट कमी आहे त्यांनी चितारआळीत जरूर जावं.

पुढचे बारा दिवस मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे. गावाला वाटत होतं काय, आईला वाटत होतं काय, पण आम्ही खरंच फक्त गंजिफा खेळत होतो. मला आठवतंय, दोन तास बोलून तो जेवढा कळला नसता तेवढा मला त्याच्या खेळण्यातून कळायचा. माझं मोठं पान कुठलं उरलंय हे त्याला माहीत असायचं आणि तरी तो ते ओढून काढायचा नाही, पुढचा हात मला मिळू द्यायचा. आजीने एकदा पकडलं. "खेळात लबाडी चलाची नाय हां. तिका जिंकवचा असा तर सरळ सांग." तो म्हणाला लबाडी नाही आजी, विसरलो. नकाशातली एकही खाडी न विसरणारा माणूस.

मग माझी सुट्टी संपली आणि ठरल्याप्रमाणे खोटं मोडायची वेळ आली. निघायच्या आदल्या दिवशी तळ्याच्या कट्ट्यावर बसून आम्ही घरी काय सांगायचं ते ठरवत होतो, अगदी वाक्यं ठरवत होतो, आणि त्यात प्रश्न आला की सेटचं काय, अर्धे पैसे तुझे अर्धे माझे. तो म्हणाला पाच अवतार तू ने, पाच मी ठेवतो. म्हटलं ठीक. घरी जाऊन तो खरंच पानं वेगळी करायला बसला. मत्स्य इकडे, परशुराम तिकडे. आजी खाटेवरून बघत होती. "अर्ध्या गंजिफ्यात काय खेळतलास रे तुमी? माका सगळा म्हायत असा. तळ्याच्या फेऱ्या काय त्या पण म्हायत असा. ठेव ती पानां पेटयेत." त्याने ठेवली. मी पेटीचं झाकण लावलं. झाकण लावताना त्याचा हात तिथेच होता, आणि कोणीच काढला नाही. एवढंच झालं. घरी सांगायची वाक्यं आम्ही कधीच कोणाला सांगितली नाहीत.

सेट तिथेच राहिला आणि मी दर दीड-दोन महिन्यांनी कोकणकन्या नाहीतर तुतारी धरून जायला लागले, विचारलं तर सांगायची डाव अर्धा राहिलाय. पुढच्या वर्षी साखरपुडा, मग लग्न. त्याने दुकान चुलतभावाला चालवायला दिलं आणि आता डोंबिवलीत प्रिंटिंगचं काम बघतो.

आता सेटबद्दल, वापरून झाल्यावरचं. तीन वर्षं झाली, जवळपास रोज हाताळला गेलाय आणि रंग एकाही पानाचा उडालेला नाही. कोकणातल्या पावसात दमट हवेने कुठलीही रंगवलेली वस्तू जपावी लागते, आजी पानं जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवते आणि ऊन पडलं की पेटी उघडी करून पडवीवर, पण थेट उन्हात नाही. ओल्या हाताने किंवा भजी खात खेळू नका, आमच्या वराहाच्या एका पानावर एक तेलाचा डाग आहे तो माझ्यामुळे. पानांवर टेकून हात ठेवायची सवय असेल तर मोडा. साइज घेताना फार छोटा घेऊ नका, दिसायला गोड दिसतो पण खेळायला, विशेषतः वयस्कर माणसांना, चिन्हं दिसत नाहीत. फार मोठा घेतलात तर ४० पानं हातात मावत नाहीत. मधलाच घ्या. आणि तिथे गेल्यावर घाई करू नका, एखादा कलाकार काम करत असेल तर जरा वेळ बसून बघा, विचारलं तर सांगतात.

यावर्षी फेब्रुवारीत आम्ही डोंबिवलीसाठी दुसरा सेट आणला, पहिल्याइतकाच नेटका. पण मग तिसरा भिडू कुठून आणायचा. शेजारच्या काकूंना शिकवून बघितलं, त्यांना पाच अवतार सरळ आणि पाच उलटे हे काही झेपलं नाही. म्हणून आता रविवारी आजीच. व्हिडिओ कॉल लावायचा, तिकडे तिचा सेट, इकडे आमचा. इकडे पानं वाटून झाली की तिची ४० पानं हा एकेक करून फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरतो, पान तिच्याकडे आणि स्वतःचं तोंड भिंतीकडे, आणि मी पण डोळे मिटून बसते, म्हणजे तिची पानं आम्हाला कळू नयेत. ती तिकडे आपल्या सेटमधून तीच पानं शोधून बाजूला काढते. अर्धा तास जातो नुसता वाटण्यात. त्याची आई तिकडून फोन धरून उभी असते आणि मध्येच तिचा हात हलतो आणि आम्हाला पंखा दिसतो.

गेल्या रविवारी संध्याकाळी वाटून झालं, रामाचा राजा आजीकडे आणि कृष्णाचा माझ्याकडे. इकडे अजून उजेड होता, खिडकीत ऊन होतं. तिकडे आभाळ भरून आल्याने काळोख, आईने दिवा लावलेला. आजी म्हणे रात्र झाली, तू टाक. हा म्हणे इथे दिवस आहे, तुझी उतारी आजी. पाचेक मिनिटं यावरच वाद चालला होता. शेवटी आजी म्हणाली, "चेडू थंय असा, तर थंयचाच धरा," आणि रामाचा राजा कॅमेऱ्यासमोर धरून खाली टाकला, टक.